शून्याचा दगड

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आले आहे, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून नाही. सांगणारा नेमका कुठे चुकला असेल ते शोधायला वाचायचे. रात्रीची वेळ, अपुरी झोप, आधी कोणीतरी घाबरवलेलं... एवढ्यात बहुतेक गोष्टी संपतात. आमचं घर बौद्ध. नवस, अंगारे, उतारे असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही. शाळा नांदेडला, मामाकडे राहून, इंग्लिश मीडियम, पुढे फिजिक्स. त्यामुळे स्वतःच्या अनुभवातही मी आधी चूकच शोधली. अजून शोधते आहे. सगळं भर दिवसा, उन्हात, आठ-दहा माणसांसमोर घडलं, म्हणून ते जास्तच अवघड जातं.

माझं नाव आणि इन्स्टिट्यूटचं नाव देत नाही. मला लोकांसमोर बोलायची सवय नाही. हे लिहितानाही दोनदा सगळं पुसून टाकलं आहे.

आमचं शेत वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या थोडं अलीकडे. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि खिडकीसमोर खळं. हळद हे आमचं मुख्य पीक. काढलेली हळद वाळवण्याआधी शिजवावी लागते आणि त्यासाठी खळ्यात कुकर आहे. स्वयंपाकघरातला नव्हे — विटांची पक्की भट्टी, तिच्यावर पाण्याची लोखंडी टाकी, टाकीच्या चार बाजूंना हळदीचे चार ड्रम. टाकीत पाणी उकळतं, वाफ पाइपांतून ड्रममध्ये जाते आणि हळद शिजते.

शिजली की नाही हे आई ठरवते. कांताबाई दरवर्षी आमच्याकडे हळदीच्या कामाला येतात. त्या ड्रमचं झाकण उघडून एक हळकुंड आईच्या हातात देतात. आई त्यात खराट्याची काडी खुपसते. काडी अडखळली नाही की म्हणते, "पाडा." मग ड्रम तिरका होतो. आईची काडी झाल्याशिवाय ड्रमला कोणी हात लावत नाही, पप्पासुद्धा. उशीर झाला तर लगदा होतो, घाई केली तर आत कच्ची राहते. म्हणून त्या दिवसांत आई सकाळपासून एकाच जागी बसलेली असते, तेलाचा रिकामा डबा आडवा टाकून त्याच्यावर. तिथून चारही ड्रम दिसतात आणि धूर अंगावर येत नाही.

आता माझं काम. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी नव्या प्रकारच्या अणुभट्ट्यांच्या इंधनावर पीएचडी करते. खऱ्या इंधनाला मी कधी हातही लावलेला नाही, माझं सगळं कॉम्प्युटरवर. या इंधनाचा दाणा राजगिऱ्याएवढा असतो. मधे युरेनियम, त्याच्यावर कार्बनचे आणि सिरॅमिकचे थर. असे हजारो दाणे ग्रॅफाइटमध्ये दाबून बसवायचे, राजगिऱ्याच्या वडीसारखे, आणि अशा वड्या रचून भट्टीचा गाभा म्हणजे कोअर तयार होतो. मी तो कोअर फाईलमध्ये मापांनी रचते. मग प्रोग्रॅम त्यात एकेक काल्पनिक न्यूट्रॉन सोडतो. तो कुठे जन्मला, कशाला धडकला, कुठे संपला — प्रत्येकाचं आयुष्य शेवटपर्यंत पाहतो. असे लाखो न्यूट्रॉन.

कधीकधी एखादा न्यूट्रॉन हरवतो. आम्ही त्याला लॉस्ट पार्टिकल म्हणतो. यात गूढ काही नसतं. रचनेत कुठेतरी फट राहिलेली असते, न्यूट्रॉन त्या फटीत शिरतो आणि आपण कुठल्या वस्तूच्या आत आहोत हे प्रोग्रॅमला सांगता येत नाही. मग तो एक नोंद छापतो — हरवला ती जागा तीन आकड्यांत, आणि कुठल्या दिशेने चालला होता ते. आपण त्या जागेवर जायचं, फट बुजवायची. दहा हरवले की प्रोग्रॅम स्वतःहून थांबतो. दहा म्हणजे रचनाच चुकली आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही, असं धरतात.

मागच्या हिवाळ्यात मला टायफॉईड झाला. ताप उतरल्यावर गाईड मॅडम म्हणाल्या, घरी जा, लॅपटॉपवर छोट्या चाचण्या करत राहा. म्हणून मी आखाड्यावर आले.

जानेवारीत एकदा पप्पांनी विचारलं, "बाई, तू दिवसभर त्याच्यात करती तरी काय? मला बी समजंल असं सांग की."

सांगून समजेना म्हणून मी त्यांना आमचा कुकरच करून दाखवायचं ठरवलं. तेव्हा तो थंड होता, ताडपत्रीखाली. पप्पांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. टाकी, ड्रम, पाइप, सगळं मापून घेतलं.

"अन् हे सगळं कुठून मोजायचं?" पप्पा म्हणाले. "मोजणीवाले येतात ना, ते आधी हद्दीचा दगड हुडकतात. दगड घावला न्हाई तर बाकीच्या मापाला कुत्रं बी विचारत न्हाई. तुझा दगड कुठंय?"

आम्ही त्याला ओरिजिन म्हणतो, शून्याची जागा. इतकं नेमकं मला कोणी शिकवलं नव्हतं. मी भट्टीच्या बरोबर मधोमध जमिनीवर शून्य धरला. पहिला आकडा पूर्वेकडे, दुसरा उत्तरेकडे, तिसरा उंची. पप्पांनी स्क्रीनवर आपला कुकर फिरवून फिरवून पाहिला आणि कांताबाईंना बोलावून दाखवला.

"व्हय की, बराबर आपलाच हाय," कांताबाई म्हणाल्या. "पर ताई, ह्यात मी न्हाई दिसून राहिले."

"माणसं नसतात यात," मी म्हणाले.

ती फाईल मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि विसरून गेले.

फेब्रुवारीत रोज सकाळी कोअरची एक चाचणी लावायची असं माझं चाललं होतं. एके दिवशी एक न्यूट्रॉन हरवला. एकच. जागा होती — २३१.४, उणे ११८.७, ९२.३. माप सेंटीमीटरमध्ये.

मला वाटलं वाचण्यात चूक झाली. माझा कोअर मधल्या बिंदूपासून दीड मीटरवर संपतो. त्यापुढे माझ्या फाईलमध्ये हवासुद्धा नाही. न्यूट्रॉन त्या सीमेवर पोचला की हिशेबातून बाद होतो. आणि हा हरवला होता दोन मीटर साठवर. जी जागा मी रचलेलीच नाही, तिथे.

मी सीमा तपासली. फटी शोधल्या. नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सुरुवातीचा यादृच्छिक आकडा बदलला. तो बदलला की सगळ्या न्यूट्रॉनांचे रस्ते बदलतात, तेच परत घडूच शकत नाही. त्या दिवशी दोन हरवले. दोघांची जागा — २३१.४, उणे ११८.७, ९२.३.

फाईल मॅडमना पाठवली. त्यांनी इन्स्टिट्यूटच्या मशीनवर चालवली आणि फोन केला. "माझ्याकडे शून्य लॉस्ट आहेत. तुझा लॅपटॉप जुना आहे का? प्रोग्रॅम काढून परत टाक."

मी काढून परत टाकला. तिसऱ्या दिवशी तीन.

इथपर्यंत मला भीती वाटली नव्हती, नुसता राग येत होता. चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. त्याच दिवशी कुकर पेटला. कुरुंद्याहून मजूर आले, खळं धुराने आणि हळदीच्या उग्र वासाने भरून गेलं. पाचव्या दिवशी चाचणी लावली तेव्हा आकडा चार यायला हवा होता, निदान माझ्या मनात तसं होतं. आला पाच. मी न पाहिलेला दिवसही त्या आकड्याने धरला होता.

म्हणजे तो चाचण्या मोजत नव्हता. दिवस मोजत होता.

त्या दुपारी पप्पा कोणा पाहुण्यांना घेऊन खोलीत आले. "आपला कुकर दाखव बरं ह्यांना." मी फाईल उघडली. माउस जिथे नेऊ तिथले आकडे स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात दिसतात. पाहुणे बोलत होते, मी माउस उगाच फिरवत होते, आणि कोपऱ्यात २३० आणि उणे ११८ येऊन गेले. माझा हात थांबला. हळूहळू सरकवत नेमके आकडे आणले. दुसऱ्या आणि तिसऱ्या ड्रमच्या मधली मोकळी जागा. तिथे काहीच नव्हतं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथे आई बसली होती.

दुसऱ्या दिवशी, सहा नोंदी आल्यावर, मजूर जेवायला बसले तेव्हा मी टेप घेऊन खळ्यात गेले. भट्टीच्या मध्यापासून पूर्वेला दोन मीटर एकतीस, दक्षिणेला एक मीटर एकोणीस. टेपचं टोक तेलाच्या डब्यावर आलं. मग उंची. डब्यापाशी काठी उभी धरून ब्याण्णव सेंटीमीटरवर खूण केली. मागून कांताबाई भाकरी खात खात आल्या.

"काय मापून राहिलीस ताई? इथं घर बांधती का काय?"

"कांताबाई, तुम्ही जरा या डब्यावर बसता का?"

त्या बसल्या. मी काठी त्यांच्याजवळ धरली. खूण त्यांच्या कानाच्या थोडी वर, कानशिलावर आली. कांताबाई आणि आई उंचीने सारख्याच आहेत.

"काहून अशी बघून राहिली?" त्या म्हणाल्या. मी टेप गुंडाळून खोलीत गेले.

संध्याकाळी मी आईला एवढंच म्हणाले की उद्यापासून दुसरीकडे बस. तिथे ऊन येतं.

"ऊन कुठं न्हाई माय? तिकडं धूर. ह्या बाजूनं एक ड्रम झाकतो. त्याच्यापेक्षा हिथंच बरं."

सकाळी मी डबा उचलून पडवीत आणून ठेवला. आईने तो परत नेला.

सातवा दिवस. सात नोंदी. जागेकडेच बघत राहिल्यामुळे दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती आता आली. प्रत्येक नोंदीत दिशाही असते. सातही न्यूट्रॉन एकाच दिशेने चालले होते. मी त्या जागेपासून उलटी रेघ काढली. ती कुकरच्या फाईलमध्ये थेट टाकीला जाऊन टेकली, पाणी भरायच्या तोंडाला. त्या तोंडाला आट्यांचं, फिरवून आवळायचं जाड लोखंडी झाकण असतं.

खात्री म्हणून भट्टी विझलेली असताना मी झाकणापासून काठीवरच्या खुणेपर्यंत सुतळी ताणून पाहिली. सुतळी कशालाही अडली नाही. पाइप, ड्रम, कशालाच नाही. सरळ एक रस्ता.

त्या रात्री जेवताना मी पप्पांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवलं की लाज वाटते. न्यूट्रॉनचं काहीच नाही. इतकंच म्हणाले, "पाणी भरायचं झाकण मला ठीक वाटत नाही."

"काहून? गळतंय का?"

"नाही. पण... बघा ना एकदा."

पप्पांनी सकाळी पान्याने पाहिलं. "कडक हाय. माझ्यापेक्षा जुनं होईन अन् तरी टिकंन." पण मी तशीच उभी राहिले, हललेच नाही. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणापासून कधी काही मागितलं नाही, हे ते लोकांना कौतुकाने सांगतात. आठव्या दिवशी दुपारी ते वसमतला गेले आणि नवं झाकण घेऊन आले. जुनं काढून पडवीतल्या कोनाड्यात ठेवलं, नवं बसवलं. "आता झालं समाधान?"

झालं होतं. त्या दिवशी सकाळी आठ नोंदी आल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं की उद्या एकही नसेल.

नवव्या दिवशी नऊ आल्या. जागा तीच, दिशा तीच.

तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. ती पडवीत बसून हात धूत होती, हळदीने कोपरापर्यंत पिवळे. मी सांगत गेले आणि ती ऐकत राहिली. न्यूट्रॉन म्हणजे काय हे तिने विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हंजी तुझ्या मशीनमधी माझं डोस्कं येऊन राहिलं?"

"हो."

"अन् दहा झाल्यावर?"

"प्रोग्रॅम थांबतो."

तिने हात पुसले. "तुझा ताप अजून आंगात हाय माय. उद्या डॉक्टरला दाखवू. अन् मी उद्या जरासं सरकून बसते, तुझ्यासाठी. बरं?"

ती खरंच सरकून बसली. दहाव्या दिवशी सकाळी मी पाहिलं, डबा दोन हात बाजूला होता. मी खिडकीत लॅपटॉप घेऊन बसले, पण चाचणी लावायचा धीर होईना. लावली नाही तरी आज दहावा दिवस होताच. साडेअकराच्या सुमारास वारा फिरला. धूर आईच्या तोंडावर जाऊ लागला. ती खोकली, उठली आणि डबा उचलून जुन्या जागी ठेवून त्याच्यावर बसली. मी हे पाहत होते. मला तिथे जाऊन तिचा हात धरता आला असता. पण सगळे मजूर बघतील, हसतील, मी काय सांगणार... हे मी खरं तेच लिहिते आहे. मी गेले नाही. त्याऐवजी मी चाचणी लावली.

ती पाच मिनिटं चालते. त्या दिवशी काही सेकंदांत स्क्रीन थांबला. दहा नोंदी एकाखाली एक, एका झटक्यात, आणि खाली प्रोग्रॅमची ती नेहमीची ओळ — कमाल मर्यादा गाठली, काम थांबवत आहे.

मी ओरडले. "आई—"

मला ओरडताना आमच्या घरात कोणी कधी ऐकलेलं नाही. सगळं खळं माझ्याकडे वळलं. आई तटकन उठली आणि हातात काडी तशीच धरून खिडकीकडे यायला लागली. "काय झालं माय? काय झालं?" चार पावलं, फार तर पाच.

आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. तो मला छातीत बसला. मग सगळं पांढरं झालं. आई दिसेना, कुकर दिसेना, लिंबाचं झाड दिसेना. फक्त शिट्टीसारखी सलग फुसकारी आणि त्यात कोणाची तरी किंकाळी. ती कोणाची आहे हे मला ओळखता येईना. मी खिडकीचे गज धरून उभी होते आणि त्या पांढऱ्यातून कोणी बाहेर येत नव्हतं.

मग आई बाहेर आली. डोक्यावरचा पदर ओला, काडी अजून हातात.

किंकाळी कांताबाईंची होती. त्या तिसऱ्या ड्रमचं झाकण उघडायला निघाल्या होत्या, वाफेचा फटका त्यांच्या मनगटाला बसला. इतके दिवस मी फक्त आईचा विचार केला होता. त्यांना त्याच डब्यावर बसवून मी माप घेतलं, आणि तरी त्या माझ्या हिशेबात कुठे नव्हत्या. यात माणसं नसतात, असं मी त्यांना सांगितलं होतं.

पप्पांनी भट्टीतला जाळ ओढून बाहेर काढला. वाफ ओसरल्यावर दिसलं — नवं झाकण उडालं होतं. आईच्या डब्यामागे पाण्याचं निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्याला आरपार भोक पडलं होतं आणि पाणी खळ्यात वाहत होतं. तेलाचा डबा जागेवरच होता, हललाही नव्हता.

नंतर मी टेप नेला. झाकणाचं तोंड आणि पिंपाचं भोक यांच्यात सुतळी ताणली. डब्याच्या वर तिची उंची ब्याण्णव सेंटीमीटर भरली. मिलिमीटर मी पाहिले नाहीत. पाहायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यातून आल्यावर कांताबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन पडवीत बसल्या. "वहिनी, लिंबू तरी उतरून टाका पोरीवरून."

"लिंबू सरबतात टाकते तुझ्या," आई म्हणाली. पण तिचा आवाज बारीक येत होता.

पप्पा मात्र शेतातून ते झाकण शोधून आणून हातात फिरवत होते. नव्याचे आटे टाकीच्या आट्यांशी पूर्ण जुळत नव्हते. बसवताना त्यांना ते जाणवलं होतं. पण मी म्हटलं होतं म्हणून बदलायचंच होतं, तेव्हा त्यांनी आट्यांवर सुतळी गुंडाळून ते आवळलं. दीड दिवस टिकलं.

"जुनं काढायला न्हाई पायजे होतं," ते म्हणाले. माझ्यावर रागावून नाही. नुसतं म्हणाले.

जुनं झाकण परत बसवलं. त्यावर उरलेली सगळी हळद शिजली. एक थेंब गळला नाही.

म्हणजे काय झालं, हे मी तेव्हापासून मांडून बघते आहे. तापाचा परिणाम म्हणावं, तर नोंदी लॅपटॉपमध्ये अजून आहेत, तारखांसकट. झाकणात दोष आहे हे माझ्या नकळत मला दिसलं असेल म्हणावं, तर पहिली नोंद आली तेव्हा कुकर पेटलेला नव्हता आणि उडालेलं झाकण वसमतच्या कुठल्यातरी दुकानात पडून होतं. दोन फायलींची सरमिसळ झाली म्हणावं, तर मॅडमच्या मशीनवर तीच फाईल स्वच्छ चालली. आणि तशी सरमिसळ झाली असती तरी आई कुठे बसते हे कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं.

हे सगळं एकीकडे. दुसरी गोष्ट मी आतापर्यंत फक्त आईला बोलले आहे. मी पप्पांना झाकण बघा म्हटलं नसतं, तर ते बदललं नसतं. बदललं नसतं, तर उडालं नसतं. मग त्या नोंदी मला आधी कळवत होत्या, की माझ्याकडून करवून घेत होत्या? आई म्हणाली, "तू हाक मारली म्हणून मी उठले. तेवढंच धर." मी तेवढंच धरायचा प्रयत्न करते.

दुसऱ्या दिवशी चाचणी लावली. हरवलेले न्यूट्रॉन शून्य. नंतर कधीच नाही. मॅडमनी मेलवर विचारलं, काय दुरुस्त केलंस? मी लिहिलं, रचना.

कांताबाईंचा हात बरा झाला. मनगटावर पिवळट पांढरा डाग राहिला आहे. मी सुट्टीत घरी गेले की त्या तो दाखवून म्हणतात, "ताई, आता तरी घे मला तुझ्या मशीनमधी." मी हसते. यंदा आई पडवीच्या पायरीवर बसून काडी घालते. चारही ड्रम दिसत नाहीत, तरी तिथेच बसते.

हे आत्ता लिहायला घेतलं त्याचं कारण याच आठवड्यातलं आहे. मी परत इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नवा लॅपटॉप, नवा कोअर, पूर्णपणे वेगळी फाईल. कुकरची फाईल मी केव्हाच काढून टाकली. सोमवारी सकाळी चाचणीत एक न्यूट्रॉन हरवला. सीमेच्या बाहेर. मंगळवारी दोन, त्याच जागी. आज गुरुवार आहे, चार झाले.

तिन्ही आकडे मी कागदावर लिहून टेबलावर ठेवले आहेत. उंची एक मीटर चौपन्न. उभ्या माणसाच्या डोक्याइतकी. टेप माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लॅबमध्ये मोजून झालं, हॉस्टेलच्या खोलीत मोजून झालं, पप्पांना फोन करून काही कारण सांगून खळ्यातही मोजायला लावलं. जिथून मोजावं तिथून ते आकडे कुठेतरी पोचतातच. भिंतीपाशी, जिन्यात, रस्त्यावर.

पप्पांनी फोनवर विचारलं, "पर बाई, ह्या बारीला तुझा दगड कुठंय?"

मला माहीत नाही. आणि सापडला, तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला हाक मारायची की गप्प राहायचं, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही.